तिन्हीसांजेला बाळ सोडतच नाही, दूध पुरत नाहीये का?

नवी_बाळंतीण | मंगळवार, पहाटे ३.१०

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते. एका हाताने टाइप करता येतं हा शोध नुकताच लागल्यामुळे आज लिहितेय. दुसऱ्या हातावर कन्या आहे.

१९ दिवसांची झाली. ३८ आठवडे, सिझेरियन. जन्माचं वजन २ किलो ८५०, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा २ किलो ६४०. त्यानंतर वजनच केलेलं नाही. मी माहेरी आहे, कराडजवळच्या गावात. नवरा पुण्याला, शनिवार-रविवार येतो.

दिवसभर तशी बरी असते. दोन-अडीच तासांनी उठते, पिते, झोपते. संध्याकाळचे सहा वाजले की सुरू. पाच मिनिटं पिते, डोळे मिटते, पाळण्यात ठेवायला गेलं की पाठ टेकायच्या आत रडते, की परत अंगावर. हे साडेदहापर्यंत. त्या वेळी छाती अगदी मऊ, रिकामी लागते. मावशी (आईची थोरली बहीण, माझं बाळंतपण करायला आलीय) रोज म्हणते, "तुझं पुरत नाही तिला, वरचं लाव." इस्पितळात पहिल्या रात्री मी भुलीत असताना सिस्टरने कुणाला न विचारता पावडरचं दूध पाजलं होतं. तो डबा घरात आहेच. आज संध्याकाळी मी तो दोनदा उघडला आणि दोनदा झाकण लावलं.

रात्रीही ती फक्त माझ्या अंगावरच झोपते. आणि उजव्या बाजूला पाजताना इतकं दुखतं की पायाची बोटं आवळली जातात.

कृपया रागावू नका कुणी. रडू तसंही येतंच आहे.

तिखटमीठ | मंगळवार, सकाळी ७.३५

अभिनंदन गं! माझ्या दोघांनी हेच केलं. आमच्याकडे त्याला 'सातच्या बातम्या' म्हणायचे, ठरल्या वेळी सुरू आणि सगळ्या वाईट. थोरला आता आठवीत आहे, अजूनही सातलाच कटकट करतो. पाळीवरची ताई येतीलच, त्या नीट सांगतील. मी आपली धागा वर आणायला आले.

पाळीवरची | मंगळवार, सकाळी ८.२०

रात्रपाळी करून आत्ता घरी आले, चहा घेता घेता लिहितेय. (नवीन लोकांसाठी: मी सरकारी इस्पितळात नवजात बाळांच्या कक्षात परिचारिका आहे, १४ वर्षं झाली. डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवून वाचा.)

दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवायचं नाही, छाती भरलेली वाटते की नाही यावरूनही नाही, आणि मावशींवरून तर मुळीच नाही. आधी एवढं सांग: २४ तासांत लंगोट किती ओले होतात? शीचा रंग काय? पिताना गिळल्याचा आवाज येतो का? जागी असते तेव्हा डोळे टक्क उघडून बघते की सारखी पेंगते?

नवी_बाळंतीण | मंगळवार, सकाळी ९.०५

ताई, काल मोजले नव्हते, पण दोरीवरचे आत्ता मोजले. आठ, शिवाय रात्रीचा डायपर वेगळा. शी पिवळी, मोहरी वाटून फेटल्यासारखी, चार-पाच वेळा. गिळल्याचा आवाज डावीकडे येतो, उजवीकडे नुसती चुळबुळ. अंघोळीनंतर अर्धा तास पंख्याकडे बघत बसते, आपण काहीतरी चुकीचं केलंय असा चेहरा करून.

पाळीवरची | मंगळवार, सकाळी ९.४०

मग तो डबा तूर्तास माळ्यावर टाक.

पाचव्या दिवसानंतर रोज सहा किंवा जास्त लंगोट चांगले ओले होत असतील, लघवी फिकट असेल, काळी शी जाऊन पिवळी आलेली असेल, तर पोटात दूध जातंय. पोटात गेल्याशिवाय खाली येत नाही, एवढं सरळ आहे. घरी सोडताना वजन २१० ग्रॅमने उतरलं होतं, म्हणजे साधारण सात टक्के. पहिल्या दिवसांत एवढं उतरतंच. दहाच्या पुढे गेलं तर आम्ही धावपळ करतो. दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं आणि पुढे रोज २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. तुझ्या बाबतीत नेमका हाच आकडा हातात नाही. म्हणून दोन दिवसांत वजन कर, त्याला पर्याय नाही. आशाताई आल्या नाहीत का? इस्पितळात बाळंतपण झालं तरी त्यांच्या घरी सहा भेटी असतात: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. पिशवीत काटा असतो त्यांच्या. ही पद्धत आपल्या गडचिरोलीतून, डॉ. बंग दांपत्याच्या 'सर्च'च्या कामातून देशभर गेली, आणि आपणच ती वापरत नाही.

आता तिन्हीसांज. या वयात पोरं संध्याकाळी लागोपाठ पितात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आणि परत सहाव्याच्या सुमारास हे फार जाणवतं. छाती मऊ झाली म्हणजे दूध आटलं असं नाही. सुरुवातीला ती दगडासारखी होते त्यात दुधाबरोबर सूजही असते, ती ओसरली की मऊ लागते. अगं, छाती म्हणजे माठ नव्हे, भरला, प्यायला, रिकामा झाला. विहीर आहे ती. उपसलं की झरतं. संध्याकाळी तू पावडरचं ६० मिली दिलंस तर ती तीन तास झोपेल, मावशी म्हणतील "बघ, सांगत नव्हते?" आणि तुझ्या छातीला निरोप जाईल की संध्याकाळचं गिऱ्हाईक तुटलं. चार दिवसांनी खरंच कमी पडेल.

उजव्या बाजूचं मात्र मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तू वाकून पाजतेस ना? टाके दुखतात म्हणून तिला मांडीवर ठेवून आपण तिच्यावर ओणवायचं, असं? तसं असेल तर ते आजपासून बंद. भिंतीला टेकून बस, उशी घे आणि बाळ छातीपर्यंत आण. सिझेरियनवालीला बगलेतली पकड बरी पडते: बाळाचं धड तुझ्या बगलेखालून, पाय मागे, मान तुझ्या उजव्या तळव्यावर. म्हणजे टाक्यांवर भार येत नाही. मानेला आधार दे, डोकं मागून दाबू नकोस. डोकं दाबलं की ते मागे रेटतं आणि लोक म्हणतात बाळ छाती नाकारतंय.

आता बघ, निप्पल तोंडासमोर धरायचं नाही, नाकासमोर धरायचं. वरच्या ओठावर हलकेच फिरवायचं. ती वास घेईल, डोकं किंचित मागे करेल आणि जांभई दिल्यासारखं तोंड उघडेल. त्या क्षणी हनुवटी आधी टेकली पाहिजे, मग खालचा ओठ, निप्पलच्या बराच खाली. वरचा ओठ सगळ्यात शेवटी. नीट लागली की हनुवटी छातीत रुतलेली, नाक मोकळं, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगीर दिसतात. काळा भाग वरून जास्त दिसतो, खालून कमी. पहिली दोन-चार ओढ टोचते, पण अर्ध्या मिनिटानंतरही बोटं आवळावी लागत असतील तर पकड चुकली. तशीच ओढू देऊ नकोस. स्वच्छ करंगळी तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकव, हवा शिरली की सुटते. परत लाव. पाच वेळा लावावं लागलं तर पाच वेळा. सुटल्यावर निप्पल गोल असलं पाहिजे. पेन्सिलीच्या टोकासारखं एका बाजूने चपटं दिसलं तर ती नुसतं टोक चावतेय.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे या पकडीवरचे व्हिडिओ मराठीतही आहेत. मावशींनाही दाखव, बरोबर बसून.

ताप आला, छातीवर लाल गरम चट्टा उठला तर थांबू नकोस, डॉक्टर गाठ. पाजणं मात्र त्या बाजूनेही चालू ठेवायचं.

नवी_बाळंतीण | मंगळवार, सकाळी १०.१५

पेन्सिल!! ताई, अगदी तस्संच दिसतं. मला वाटलं माझंच असं आहे.

आणि आशाताई आल्या होत्या हो. सातव्या दिवशीही आणि चौदाव्या दिवशीही. मावशीने दारातूनच "सव्वा महिना झाल्याशिवाय बाहेरचं कुणी नको" म्हणून वाटेला लावलं. मला आत्ता आईकडून कळतंय.

सहाणखोड | मंगळवार, दुपारी १.३०

मी ७१ वर्षांची आहे, तीन माझी आणि पाच नातवंडं याच हातांनी न्हाऊ घातली. मावशीबाईंना इतकं बोलू नका गं. बाहेरचं कुणी येऊ द्यायचं नाही यातही अर्थ होता. बाळंतीण झोपायची. भेटायला येणाऱ्यांना चहा करायला ती उठायची नाही. आताच्या मुली बाराव्या दिवशी बारशाचे फोटो काढायला साडी नेसून उभ्या. असो.

मुलीचं जेवण काय चाललंय? अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपू, बाजरीची भाकरी पोटात जाऊ दे. आणि बाळाला गुटी देता की नाही? आमच्याकडे सहाणेवर एक वेढा हळकुंड, एक वेखंड, दोन मुरुडशेंग, हिरडा, थोडं जायफळ, आईच्या दुधात कालवून. पोट साफ, झोप शांत. वर बोटभर मध.

पाळीवरची | मंगळवार, दुपारी २.१०

आजी, बाळंतिणीच्या झोपेबद्दल तुमच्या पायावर डोकं. मधाबद्दल मात्र हात जोडते. एक वर्षाच्या आत मध बोटभर काय, टोकभरही नको. त्यात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाला काही होत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते वाढतात आणि विष तयार करतात. बाळ लुळं पडतं, चोखायची ताकद जाते.

गुटीचं म्हणाल तर पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नको, पाणीसुद्धा. मे महिन्यातसुद्धा. अपवाद फक्त डॉक्टर सांगतील त्या औषधाचा, म्हणजे 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब वगैरे. सहाण कितीही धुतली तरी खाचांत राहतं. आणि जायफळाने येते ती झोप नाही, गुंगी आहे. गुंगीत बाळ पीत नाही, आणि घरात सगळे म्हणतात किती शांत झालं.

सहाणखोड | मंगळवार, दुपारी २.४५

मध सोडला. गुटीचं पटलं नाही. पण तुम्ही रोज शेकड्यांनी बाळं बघता, मी आठ बघितली. दोन पावलं मागे सरकते.

मुक्तचिंतक | मंगळवार, दुपारी ४.००

इतकं कौतुक कशाला? थोडं रडू द्यावं. फुप्फुसं मजबूत होतात. सवय लागली की डोक्यावर बसतात.

तिखटमीठ | मंगळवार, दुपारी ४.०६

१९ दिवसांच्या जिवाला डोक्यावर बसायला आधी मान धरता यायला हवी, काका.

रात्रपाळी_बाबा | मंगळवार, रात्री ११.५०

झोपेवर मी लिहितो, कारण आमच्या घरी ते खातं माझ्याकडे होतं. मुलगा आता दीड वर्षाचा आहे.

आधी चुकीची कबुली. तो २५ दिवसांचा असताना बायकोला झोप मिळावी म्हणून मी त्याला छातीवर घेऊन सोफ्यावर पडलो. पहाटे जाग आली तेव्हा तो माझ्या कुशीतून घसरून सोफ्याच्या पाठीच्या आणि माझ्या मध्ये, तोंड गादीत. काही झालं नाही. श्वास चालू होता. पण मी पुढे दोन दिवस नीट जेवलो नाही. नंतर बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं की बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत डोळा लागणं हा सगळ्यात धोक्याचा प्रकार. पलंगावर पडून पाजताना डुलकी लागली तर ती त्यापेक्षा कमी वाईट, तेही आसपास उश्या-पांघरुणं नसतील, आईने गुंगीचं औषध घेतलं नसेल आणि शेजारी दारू-सिगरेटवाला नसेल तर. नवी_बाळंतीण, तुमचं "अंगावरच झोपते" वाचून म्हणूनच थांबलो. तुम्ही बसल्या बसल्या झोपत असाल तर आज रात्रीच काहीतरी बदला.

आम्ही जे केलं ते असं. पलंगाला लागून खाली कडक गादी, वर ताणून खोचलेली चादर, बाकी काही नाही. मोहरीची उशीसुद्धा काढली (आईशी तीन दिवस अबोला). बाळ पाठीवर. तिथे ठेवण्याची एक युक्ती आहे: डोकं आधी टेकवायचं नाही. आधी पाय, मग ढुंगण, मग पाठ, शेवटी डोकं. आणि हात लगेच काढायचा नाही, छातीवर जड हात मिनिटभर तसाच. डोकं आधी खाली गेलं की त्यांना पडल्यासारखं वाटतं आणि दोन्ही हात फेकतात.

दुसरं म्हणजे, पाजल्यावर लगेच ठेवायचं नाही. आधी ढेकर, मग दहा-पंधरा मिनिटं खांद्यावर. हाताची मूठ सुटून लोंबकळायला लागली की मग. मूठ वळलेली असेल तर ठेवूच नका, फसणार.

तिसरी गोष्ट मला कुणी सांगितली असती तर मी निम्मं उठलो असतो. तान्ही बाळं जवळजवळ निम्मी झोप हलत-डुलत घेतात. कण्हतात, तोंड वाकडं करतात, हसतात, डोळेही किलकिले करतात. जाग नसते ती. मी दर वेळी झडप घालून उचलायचो आणि झोपलेल्या मुलाला जागं करायचो. नंतर मिनिटभर नुसतं बघायला शिकलो. पाचातल्या दोन वेळा परत शांत व्हायचा.

रात्र-दिवस त्यांना कळत नाही. शरीरातलं घड्याळ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात लागायला लागतं. दिवसा पडदे उघडे, भांड्यांचा आवाज चालू द्या. रात्री झिरोचा दिवा, बोलणं नाही, शी नसेल तर कपडे बदलायचे नाहीत.

आणि नवरा पुण्यात असला तरी शनिवारी रात्री दहा ते दोन त्याची पाळी. पाजणं सोडून सगळं त्याला येऊ शकतं.

सहाणखोड | बुधवार, सकाळी ६.१५

झोपेत हसतं ते सटवाई हसवते हो बाबा. मध्येच ओठ काढतं तेही तीच रडवते. आम्ही म्हणून उचलायचो नाही, "खेळतेय सटवाई, खेळू दे" म्हणायचो. म्हणजे तुमचं शास्त्र आमच्याकडे होतंच.

रात्रपाळी_बाबा | बुधवार, सकाळी ७.००

आजी, लाजवाब. फक्त तुमच्या वेळी ते दुपट्यात पाय सरळ ताणून करकचून बांधायचे, तेवढं नको. वरून हात गुंडाळले तर चालतं, पण खाली पाय बेडकासारखे मोकळे हवेत, नाहीतर खुब्याच्या सांध्याला धोका. आणि कुशीवर वळायला लागलं की गुंडाळणं बंदच.

दोन्हीकडची | बुधवार, सकाळी १०.३०

हा धागा वाचून राहवलं नाही. वरचं बरंच पटलं, पण एक बाजू राहिलीय. दरवेळी राहते.

माझा मुलगा नऊ दिवसांचा असताना अतिशय गुणी होता. रडायचा नाही. चार-चार तास झोपायचा. सगळे म्हणायचे नशीबवान आहेस. लंगोटावर विटकरीसारखे गुलाबी-लाल डाग यायचे. मला वाटलं उष्णता. वजन केलं तेव्हा जन्मापेक्षा १२ टक्क्यांनी कमी, रक्तातलं सोडियम वाढलेलं, तीन दिवस अतिदक्षता विभाग. माझ्या छातीत दूध तयार करणारी ऊतीच पुरेशी नव्हती. गर्भारपणात छातीत काडीचा बदल झाला नव्हता, हे लक्षण आधी कुणी विचारलं नव्हतं. त्या आधीचे नऊ दिवस मला एकच वाक्य ऐकू येत होतं: "प्रत्येक आईला दूध येतंच, मन लाव." मी मन लावत होते आणि माझं मूल सुकत होतं.

पुढे आम्ही दर वेळी आधी अंगावर पाजायचो, मग वर पावडरचं, बोंडल्याने. बाटली लावली नाही. तो १४ महिन्यांपर्यंत अंगावर प्यायला, जेवढं होतं तेवढं. पावडरचं देणाऱ्यांसाठी: डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी, चमचा सपाट. आमच्या डब्याला ३० मिलीला एक होता. "पचायला हलकं" म्हणून पातळ करू नका, ती उपासमार आहे. पाणी उकळून, ते चांगलं कडक असतानाच पावडर टाकायची, मग भांडं थंड पाण्यात धरून कोमट करायचं. उरलेलं ओतून द्यायचं, जपून ठेवायचं नाही.

नवी_बाळंतीण, तुमचे लंगोट आणि रंग ऐकून तुमची गोष्ट माझ्यासारखी वाटत नाही. पण काट्यावर ठेवल्याशिवाय कुणी, मी धरून, काहीही म्हणू नये.

पाळीवरची | बुधवार, सकाळी ११.२०

शब्दन् शब्द खरा आहे. कालच्या माझ्या उत्तरात 'तूर्तास' हा शब्द होता तो याचसाठी. पहिल्या दोन-तीन दिवसांत ते विटकरी डाग चालतात, चौथ्या-पाचव्यानंतर दिसले तर वजन त्याच दिवशी. न रडणाऱ्या, सारख्या झोपणाऱ्या बाळाची मला रडणाऱ्यापेक्षा जास्त भीती वाटते. कावीळ असेल, ३६-३७ आठवड्यांचं असेल तर ते भुकेने उठतच नाही, चोखता चोखता दमून झोपतं. त्याला दर दोन-तीन तासांनी उठवून पाजावं लागतं: कपडे काढून, पाठीवर बोटं फिरवून, तळव्यांना गुदगुल्या करून.

वरचं दूध लागलं म्हणजे आई हरली असं आमच्या कक्षात कुणी बोललं तर मी बाहेर काढते. अगदी लहान बाळांना आधी दुसऱ्या आईचं दूध मिळालं तर उत्तम. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली ती यासाठीच.

आणि ही यादी कुठेतरी लिहून ठेवा, यात वाट बघायची नाही: तीन महिन्यांच्या आत १००.४ किंवा त्याच्या वर ताप किंवा अंग गार पडणं, हिरवी उलटी, आठ तास लघवी नाही, तळहात-तळपाय पिवळे, श्वास मिनिटाला साठच्या वर किंवा छातीत खड्डा पडणं, आणि उठवूनही न उठणं.

आयंडहोवनहून | बुधवार, संध्याकाळी ५.४५

इथे नेदरलँड्समध्ये बाळंतपणानंतर साधारण आठ दिवस घरी एक मदतनीस येते, या सेवेला 'क्रामझोर्ग' म्हणतात. विम्यातून. आमची येऊन पहिल्यांदा काय म्हणाली असेल? मला नाही, नवऱ्याला: "चहा तू कर, ती पडून राहील." रोज वहीत लिहायची, किती वाजता प्यायलं, किती शू, किती शी, ताप किती. त्या वहीने आम्हाला वाचवलं. व्हिडिओ कॉलवर सासूबाई म्हणाल्या "पोट भरत नाहीये", की मी वही कॅमेऱ्यासमोर धरायची.

तिखटमीठ | बुधवार, संध्याकाळी ६.०२

मावशी = फुकटची क्रामझोर्ग. फक्त वही हातात द्यायला हवी.

निवांत_पण_जागी | बुधवार, रात्री ९.३०

सगळ्यांनी बाळाबद्दल लिहिलं. मला पहिल्या पोस्टमधलं शेवटचं वाक्य खटकलंय. नवी_बाळंतीण, रडू किती वेळा येतं? तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे भरून येणं, पुढे आठ-दहा दिवस हळवेपण, हे बहुतेकींना होतं. दोन आठवड्यांनंतरही रोज येत असेल, बाळ झोपलेलं असताना तुला झोप लागत नसेल, जेवणावर वासना नसेल, मी नसते तर बरं असं वाटत असेल, तर डॉक्टरांना सांग. मला दुसऱ्या वेळी झालं होतं, औषध घेतलं, पाजणं चालू ठेवूनच. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात.

नवी_बाळंतीण | गुरुवार, दुपारी ३.२०

आधी वजन: ३ किलो १००!!

आशाताईंना आईने स्वतः फोन करून बोलावलं. झोळीच्या काट्यावर उघडी टांगली तर तिने थेट काट्यावरच शू केली. मावशी म्हणाली, "नऊ." तिखटमीठ, मी परवाच तिला वही दिली होती. त्यात उभ्या रेघा आहेत, पाचवी आडवी, धोब्याच्या हिशेबासारख्या. शीला चौकट.

उजवी बाजू: बगलेतली पकड. पहिल्या दिवशी सात वेळा सोडवून लावली, घाम फुटला. काल संध्याकाळी पहिल्यांदा उजवीकडे गिळल्याचा आवाज आला, घट्ट बुचाच्या बाटलीतून पाणी गेल्यासारखा. चीर अजून आहे, पण बोटं आवळत नाहीत.

संध्याकाळ तशीच आहे. सहा ते दहा. फरक एवढाच की आता मी पावणेसहाला जेवून, पाण्याचा तांब्या घेऊन बसते, सिनेमाला बसल्यासारखी. मधल्या वेळात मावशी तिला खांद्यावर घेऊन ओसरीवर फेऱ्या मारते. "पुरत नाही" म्हणणं बंद झालेलं नाही, पण आता म्हणते, "पुरतंय, पण घट्ट नाही."

रात्री पाय-ढुंगण-पाठ-डोकं. दहातून चारदा जमतं. मूठ बघायची युक्ती सोन्यासारखी. शनिवारी दहा ते दोन नवऱ्याची पाळी लावलीय, तो आत्तापासूनच घाबरलाय.

निवांत_पण_जागी, तुमचं वाचून बराच वेळ बसले होते. रोज येत होतं. गेले दोन दिवस नाही आलं. तरी शुक्रवारी टाके दाखवायला जायचंय तेव्हा सांगणार आहे. आईला सांगितलं, ती काही बोलली नाही, माझ्या केसांना तेल लावत बसली.

पाळीवरची | गुरुवार, दुपारी ४.००

४६० ग्रॅम, १८ दिवसांत. रोजचे पंचवीस. काटे वेगळे आहेत, पन्नास-शंभर इकडेतिकडे धर, तरी उत्तम. पुढचं वजन २८ व्या दिवशी, याच काट्यावर. सहाव्या आठवड्यात रडणं सगळ्यात जास्त होईल, तेव्हा परत डबा शोधायला माळ्यावर चढू नकोस, आधी वही बघ.

सहाणखोड | गुरुवार, संध्याकाळी ५.१०

बाळाला दीर्घायुष्य लाभो. मावशीबाईंना माझा नमस्कार सांग.

एक विचारू का? एवढा मोठा धागा झाला आणि खऱ्या धाग्याबद्दल कुणी बोललंच नाही. उचकी लागली की दुपट्याचा दोरा काढून ओला करून कपाळावर चिकटवायचा. ते तरी चालतं, की त्यालाही तुमचं काही आहे?

पाळीवरची | गुरुवार, संध्याकाळी ५.१८

चालतं आजी. उचकी आपोआप जाते, दोऱ्याला श्रेय मिळू दे. फक्त कपाळावरून घसरून तोंडात किंवा बोटाभोवती जाणार नाही एवढं बघा, आणि उचकी थांबली की काढून टाका.

सहाणखोड | गुरुवार, संध्याकाळी ५.२०

काढते तर. रंगीत असला तर?

पाळीवरची | गुरुवार, संध्याकाळी ५.२१

रंग जात नसेल तर हरकत नाही.